दोन विती वर ओढलेली रेघ

भावोजी, तुमच्या तेराव्याला मी दहा मिनिटं बोलले. घरातली शिकलेली, जन्मभर वर्गापुढे उभी राहिलेली बाई म्हणून सगळ्यांनी मलाच पुढे केलं. आणि मी बोलले पण छान. तुमचं मोटार वाइंडिंगचं दुकान, तुमच्या रविवारच्या सहली, कावेरीच्या घळी, आडवाटेच्या गुहा, कुणाला ठाऊक नसलेले धबधबे, अक्काला तुम्ही कधी वाकडा शब्द बोलला नाहीत ते, सगळं आलं. लोकांनी डोळे पुसले. लष्कर मोहल्ल्यातले तुमचे शेजारी म्हणाले, टीचर, तुम्ही बोललात आणि माणूस समोर उभा राहिला. मी हात जोडले, पंगतीला बसले आणि पुरणाचे दोन ओबट्टू खाल्ले. ते माझ्या घशाखाली उतरले, याचीच मला अजून लाज वाटते.

कारण बोलायचं होतं ते एकच वाक्य, आणि तेवढं सोडून मी बाकीचं सगळं बोलले. चौतीस वर्षं मी तेच करत आलेय.

तुमचं माझं नातं तसं थट्टेचं. मी तुमच्या बायकोची धाकटी बहीण. बी.एड. झाले तेव्हापासून तुम्ही मला टीचरबाई म्हणायला लागलात. 'काय टीचरबाई, आज कुठल्या नद्या शिकवल्या?' मी सांगितलं की तुम्ही विचारायचात, 'त्यातल्या किती बघितल्या?' मी रागवायचे. राग यायचा तो तुमचं खरं असायचं म्हणून. मी भूगोल शिकवत होते आणि मैसूरपासून दोन तासांवरची घळ मला तुम्ही दाखवली होती.

तुम्हाला ती कशी सापडली, तेही लोकांना सांगायचं राहिलं. तुमच्या दुकानात जळालेल्या पंपाच्या मोटारी यायच्या. कुणी पिरियापट्टणचा तंबाखूवाला, कुणी नरसीपूरचा ऊसवाला, मोटार खांद्यावरून उतरवून बाकावर बसायचा. तार गुंडाळून वार्निश वाळेपर्यंत त्याला दुसरं काही काम नसायचं, आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता त्याला विचारत बसायचात. तुमच्या गावचा ओढा कुठून पडतो? डोंगरात एखादी गवी आहे का? गवी म्हणजे गुहा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, तुमच्या दुकानात कळलं. तो सांगेल तशी वाट तुम्ही इन्सुलेशनच्या पिवळ्या कागदावर काढून ठेवायचात. असे कागद खिळ्याला अडकवलेले असायचे. रविवारी त्यातला एक काढायचा, डब्यात चित्रान्न आणि दहीभात भरायचा, मोहल्ल्यातली आठदहा माणसं गोळा करायची, आणि निघायचं.

चुन्याची रेघ तुम्हाला नरसीपूरच्याच एका शेतकऱ्यानं शिकवली होती. पाण्याजवळच्या खडकावर उतरलं की तुम्ही आधी पानाची डबी काढायचात, अंगठ्यावर चुना घ्यायचात आणि पाण्याच्या काठाला, बोटभर वर, खडकावर एक आडवी रेघ ओढायचात. मग सगळ्यांना एकच सांगणं. 'रेघेला पाणी लागलं की उठायचं. घास हातात असला तरी उठायचं. वाद घालायचा नाही.' वरच्या धरणातून पाणी सोडतात, इथं ऊन पडलेलं असतं, आभाळात ढग नसतो, आणि पाणी चढत येतं. ओरडून धबधब्याच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून ताट वाजवायचं. प्रत्येक सहलीत एकजण रेघेचा राखणदार.

मी तुमच्याशी यावर किती वाद घातला. म्हटलं, खुणा केलेली काठी रोवा, सेंटिमीटरमध्ये कळेल. तुम्ही म्हणायचात, 'काठी पाण्याबरोबर जाते गं. सुण्णा दगडाला धरून राहतो, पाणी लागलं की विरतो. आंधळ्याला पण कळतं.' मी म्हणायचे, हे अडाण्यासारखं आहे. तुम्ही हसून म्हणायचात, 'मग तुझी काठी आण की एकदा.' ती काठी मी कधी केलीच नाही.

आता तो रविवार सांगते.

मला नोकरीला लागून तिसरं वर्ष होतं, अजून कायम व्हायचे होते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी घळीची एवढी वर्णनं केली होती की सगळे म्हणाले, मिस, एकदा न्याच. भाड्याची व्हॅन ठरली. हेडमिस्ट्रेस, नंजुंडय्या सर, ड्रॉइंगच्या मिस, कुणाच्या बायका, कुणाची मुलं, सोळासतराजण. वाट दाखवायला तुम्ही. सकाळी व्हॅनमध्ये चढताना हेडमिस्ट्रेसनी कन्नडात विचारलं, हे कोण? तुमच्या नखांत वार्निश होतं, शर्टाच्या खिशाला जळाल्याचं भोक होतं. मी म्हटलं, 'ओळखीचे आहेत. वाट माहीत आहे त्यांना.' भावोजी हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. तुम्ही ऐकलंत. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलात, आणि त्या दिवसभर मला टीचरबाई म्हणाला नाहीत, सगळ्यांसारखं 'मिस' म्हणालात. मला अवघड वाटू नये म्हणून. हे आठवलं की आजही मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं खाली ठेवते आणि नुसती उभी राहते.

शिवनसमुद्राच्या खालच्या अंगाला, जिथं कावेरी घळीत शिरते, तिथं आपण उतरलो. तुम्ही रेघ ओढलीत. ड्रॉइंगच्या मिस म्हणाल्या, 'हे काय, रांगोळी?' सगळे हसले आणि मीही हसले. नंजुंडय्या सरांना पलीकडच्या काठावरची गवी बघायची होती. मध्ये पाण्याचा एक फाटा होता, गुडघाभर. तुम्ही त्यांना घेऊन निघालात. जाताना चुन्याची डबी माझ्याजवळ दिलीत. 'मिस, रेघ तुमच्याकडे. ताट जवळ ठेवा.'

तुम्ही पलीकडे गेलात आणि अर्ध्या तासात रेघेची खालची कड विरायला लागली. मी पाहिलं. भावोजी, मी पाहिलं. नीट, डोळ्यांनी, शंकेला जागा नाही अशी. माझ्या एका हाताला ताट होतं आणि दुसऱ्या हाताला पळी. नुकतीच पानं मांडली होती. हेडमिस्ट्रेस पहिला घास घेत होत्या. ग्रुप फोटो राहिला होता, त्यासाठी एकाकडून कॅमेरा मागून आणला होता. ताट वाजवलं असतं तर सगळ्यांना वाढलेलं तसंच टाकून दगड चढून वर जावं लागलं असतं, आणि एका मोटार मेकॅनिकच्या रांगोळीवरून. मला वाटलं, एवढं काय, बोटभर तर पाणी आहे. पाच मिनिटं. जेवण होऊ दे.

मग मी ओल्या हातानं रेघ पुसली आणि तुमच्या डबीतला चुना घेऊन दोन विती वर दुसरी ओढली. तशीच, अंगठ्यानं. कुणी विचारलं तर म्हणायला, रेघ कोरडी आहे. नुसतं दुर्लक्ष केलं असतं तर निष्काळजी ठरले असते. मी त्याच्यापुढे गेले. मग मी सगळ्यांना दहीभात वाढला.

पाणी पाच मिनिटं थांबलं नाही. तुम्ही दोघं परत येताना फाट्याच्या मध्यावर होता तेव्हा ते कमरेच्या वर गेलं होतं. सरांचा पाय दोन दगडांमध्ये अडकला आणि ते आडवे झाले. तुम्ही त्यांना काखेत धरून, पाठ खडकाला लावून उभे राहिलात. पुरुषांनी दोन पंचे एकाला एक बांधून टाकले. किती वेळ गेला मला माहीत नाही. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला होता आणि त्यांची बायको माझ्या खांद्याला धरून ओरडत होती.

मग कुणीतरी म्हणालं, रेघ तर अजून कोरडी आहे. सगळ्यांनी बघितलं. पाणी चढलेलं होतं आणि रेघ त्याच्या दोन बोटं वर, पांढरी, स्वच्छ. तुम्ही ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ उकिडवे बसलात. बराच वेळ बघत होता. मग माझ्याकडे वळलात.

'मिस, तुम्ही बघत होता?'

'हो.'

'रेघेला पाणी नव्हतं लागलं?'

'नाही.'

दोनच शब्द. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत त्यात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. तुम्ही उठून हेडमिस्ट्रेससमोर हात जोडलेत आणि म्हणालात, 'तप्पु नंदु.' चूक माझी. 'मीच वर ओढली. अंदाज चुकला.' त्या काहीतरी फार वाईट बोलल्या, तुमच्या धंद्यावरून बोलल्या. आणि मी व्हॅनमध्ये तुमच्या मागच्या बाकावर बसून तुमची ओली मान बघत मैसूरला आले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात. चाळिशीला प्रत्येकाला निघतो तसा थोडा नंबर निघाला. तुम्ही तो चष्मा अक्काला दाखवून म्हणालात, 'बघ, मला दिसतच नव्हतं.' अक्का मला हे हसत सांगत होती. मी पण हसले.

त्यानंतर तुम्ही कुणालाही कुठं नेलं नाहीत. मोहल्ल्यातली माणसं रविवारी दुकानापाशी येऊन बघायची. तुम्ही म्हणायचात, 'नको रे, माझा डोळा गेला.' मग येईनाशी झाली. ज्या डोळ्याला तारेतला केसाएवढा फरक कळायचा, तो डोळा गेला असं तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलात. तुमच्या खिळ्याला अडकवलेले पिवळे कागद मी मागून घेतले. माझी नोकरी कायम झाली. मी शाळेच्या मुलांना घेऊन पंचवीस वर्षं त्याच वाटांनी फिरले आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या काठाला तुमचीच रेघ ओढली, फक्त खडूनं. मुलं तिला 'मिसची रेघ' म्हणायची. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं काढणारी बाई मी.

आणि शैला. तुमची शैला तेव्हा सहा वर्षांची होती. त्याआधी तुम्ही तिला खांद्यावर बसवून बालमुरीच्या पाण्यात न्यायचात. त्यानंतर तिला कावेरीच्या घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाहीत. ती कॉलेजात असताना जोगच्या धबधब्याला सहल निघाली. तुम्ही नाही म्हणालात. ती दोन दिवस जेवली नाही. अक्कानं मला बोलावलं, म्हणाली, तू टीचर आहेस, तू समजाव. मी आले. मला वाटलं, आता तरी. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला होता. मला म्हणालात, 'माझ्यावर माझा भरवसा नाही गं, तर दुसऱ्यांवर कसा ठेवू? लेकरू आहे.' मी तुमच्यासमोरून आत गेले आणि शैलाला म्हटलं, 'बाबांचं ऐक. त्यांना पाण्याचं कळतं.' ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. किती चांगली मावशी.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला लागलात तेव्हा दुपारी मी तुमच्याजवळ बसायचे. एकदा अक्का देवळात गेली होती. तुम्ही डोळे मिटून होता, मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, 'टीचरबाई, एक विचारू? मला अजून कळत नाही, मी ती रेघ तिथं कशी ओढली. मी मनात परत परत ओढून बघतो. हात खालीच जातो.' तुम्ही अंगठा चादरीवर टेकवून आडवा ओढून दाखवलात. खोलीत आपण दोघंच होतो. याहून सोपी वेळ देवानं सुद्धा कुणाला दिली नसती. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, 'जाऊ द्या हो भावोजी, जुनं झालं ते. सुम्ने, उगाच कशाला डोक्याला त्रास.' तुम्ही मान हलवलीत. सहा दिवसांनी गेलात.

मला तुमची बायको काय म्हणेल याची भीती होती. शैला काय म्हणेल याची होती. पेन्शनवाल्या मैत्रिणी काय म्हणतील याचीसुद्धा होती. तुम्ही रागवाल याची भीती एकदाही वाटली नाही. तुम्ही हसून सोडून दिलं असतंत, हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी अक्काच्या घरी जाऊन सांगितलं. अक्का तांदूळ निवडत होती, शैला शेजारी होती. मी सगळं सांगितलं, डबीपासून. अक्काचे हात थांबले नाहीत. झाल्यावर तिनं ताट बाजूला सरकवलं. 'त्यांना ऐकू येत होतं तेव्हा का नाही बोललीस?' मी म्हटलं, मला लाज वाटत होती. ती म्हणाली, 'आता नाही वाटत?' मग म्हणाली, 'मला सांगून काय. नंजुंडय्या सर अजून आहेत. त्यांना जाऊन सांग.' शैला उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

सर आता ऐंशीला आले आहेत, सरस्वतीपुरमला मुलाकडे असतात, काठी घेऊन चालतात. मी त्यांना कन्नडात सगळं सांगितलं. त्यांनी मला दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं, विद्यार्थ्याकडून पाठ म्हणवून घ्यावा तसं. मग म्हणाले, 'मिस, ते दर दसऱ्याला माझ्याकडे यायचे, ठाऊक आहे?' मला ठाऊक नव्हतं. अक्कालाही नव्हतं. 'पावशेर म्हैसूरपाक आणायचे. पाय कसा आहे विचारायचे. आणि मी दर वर्षी त्यांना सांगायचो, यापुढे जरा बघून रेघ ओढत जा. ते हो म्हणायचे.' सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. 'त्यांनी माझा जीव वाचवला होता,' ते म्हणाले, 'आणि मी त्यांना शिकवण देत होतो.' मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

मी तुमच्याकडे क्षमा मागणार नाही, भावोजी. तुम्ही देऊन टाकाल, आणि मग ते माझ्या फार सोयीचं होईल.

दोन दिवसांनी शैलाचा फोन आला. म्हणाली, 'मावशी, रविवारी ती जागा दाखव. बोलू नको काही. नुसती दाखव.' ती, अक्का आणि मी गेलो. गाडी तिनंच चालवली. उन्हाळा असल्यानं पाणी फार नव्हतं. तिनं विचारलं, बाबा कुठं होते? मी दाखवलं. तू कुठं होतीस? मी दाखवलं. ती दोन्ही जागा बघत उभी राहिली. अंतर किती कमी आहे ते तिच्या ध्यानात आलं असणार, कारण माझ्याही तेव्हाच आलं. मी नुसतं उठून उभी राहिले असते तरी तुम्हाला दिसले असते.

मग तिनं चपला काढल्या. काठाला पाणी घोट्याएवढं होतं, तळाचे गोटे दिसत होते. ती चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, बँकेत वीस माणसं तिच्या हाताखाली. तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. परत टाकलं, परत घेतलं. मी हात पुढे केला. तिनं तो बघितला, आणि वळून अक्काचा धरला.